बावीस एमएमचा बार

वच्छला घरातून शेवटची निघाली तेव्हा माझ्या गाडीत बसली नाही. दुपारची वेळ होती, जेवणं झाली होती, तिच्या छातीत कळ आली. मी चावी घेतली, फाटक उघडलं, गाडी रस्त्यावर काढली, मागचं दार उघडून ठेवलं. आत येऊन पाहतो तर ती भिंतीला टेकून बसलेली आणि शेजारणीचा हात धरून तिला सांगून राहिली, "अँब्युलन्स बोलवा बाई. यायले चालवू देऊ नका." मी म्हटलं, "अवं, ते येईपर्यंत मी तुले दवाखान्यात पोचवून वापस येतो." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "अँब्युलन्स," एवढंच म्हणाली… मला वाटलं, माझे हात कापतील म्हणून म्हणत असेल. बायकोची काळजी, दुसरं काय. मी अँब्युलन्सच्या मागे गाडी लावली, अमरावतीच्या भर गर्दीत तिच्या मागच्या दाराला चिकटून गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आता दीड महिना झाला.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलं लिहितात. ती सोशिक होती, कष्टाळू होती, तिनं संसार केला. मीही तेच लिहिणार होतो आणि त्यातलं काही खोटं नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, लिहायची सवय नाही, पण नातवाची वही घेऊन दोन पानं लिहून ठेवली होती. मागच्या आठवड्यात अकोल्याला जाऊन आलो आणि ती पानं फाडून टाकली. माझ्या बायकोनं मला आठ वर्षं फसवलं. ते सोडून तिच्याबद्दल लिहिलं तर मीच खोटा ठरेन.

मी एका सरकारी खात्यात जीप चालवली. बत्तीस वर्षं. त्यातली निम्मी धारणीला, मेळघाटात. परतवाडा सोडलं की घाट लागतो आणि मग सेमाडोह, हरिसाल करत धारणीपर्यंत वळणंच वळणं. त्या रस्त्याचं एकेक वळण मला असं पाठ होतं की साहेब लोक मागे झोपून जायचे. कोणाचं काय, कोणाचं काय असतं… जमीन असते, पैसा असतो, शिक्षण असतं. माझ्याजवळ माझा हात होता. गाडी कशी चालली हे मला सीटवर बसल्या बसल्या पाठीतून समजतं, असं मी सांगत असे आणि लोक मानत. लग्न झाल्यावर वच्छलाला मी असाच धारणीला घेऊन गेलो, मित्राची जीप मागून. पहिल्याच घाटात तिला उलटी झाली. उतरून तोंड धुतलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "काही नाही, मले वळणाची सवय नाही." सवय तिला कधी झालीच नाही. प्रत्येक वेळी मीठ लावलेलं अर्धं लिंबू रुमालात बांधून घ्यायची, पूर्ण रस्ता ते नाकाशी धरायची, डोळे मिटून घ्यायची. मी म्हणायचो, "डोळे उघडे ठेव, म्हणजे मळमळनार नाही." ती मान हलवायची आणि डोळे मिटलेलेच ठेवायची.

इथं तिच्या भावाचं सांगणं भाग आहे. माझा साळा बडनेऱ्याचा, मोठा चौकस माणूस. एकदा आम्ही तिघं धारणीला चाललो होतो. सेमाडोहच्या अलीकडे तो मला म्हणाला, "भाऊजी, जरा हळू घ्या न." पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाला, "हळू घ्या न भाऊजी, बहीण बसली आहे माझी." मी जीप बाजूला घेतली, थांबवली आणि म्हटलं, "उतर." त्याला वाटलं मी थट्टा करतो. "उतर म्हनतो न. तुले हळू जायचं हाय, तं पायी ये. त्याच्याहून हळू काही नाही." उतरवलं त्याला तिथंच, जंगलात. संध्याकाळी लाकडाच्या ट्रकमधून आला बिचारा. ही गोष्ट मी पुढं कितीतरी लग्नांमध्ये सांगितली, लोक पोट धरून हसायचे. साळासुद्धा हसायचा. वच्छला तेव्हा जीपमध्येच बसली होती, लिंबू हातात धरून. ती त्या दिवशी काय बोलली हे आठवायचा मी आता फार प्रयत्न केला. ती काही बोलली नव्हती.

रिटायर झाल्यावर अमरावतीला घर बांधलं आणि सेकंडहँड गाडी घेतली, पांढरी, पेट्रोलची. आमची लेक धारणीलाच दिलेली, तिथंच शाळेवर शिक्षिका. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांचा घाट काही सुटला नाही आणि उलटीही सुटली नाही. गाडी जीपहून नरम होती, वळणावर फार झोपायची, एका अंगाला कलायची. मी मनात धरलं की वच्छलाला त्रास होतो तो या झोपण्याचा. गाडी सरळ राहिली पाहिजे. मग तिची उलटी बंद.

नांदगाव पेठच्या एका कापडाच्या कारखान्यातला इंजिनिअर आमच्या गल्लीत राहायचा, त्यानं मला हे सांगितलं. गाडीच्या पुढच्या दोन चाकांना खालून जोडणारा एक वाकवलेला लोखंडी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार म्हणतात त्याला. गाडी वळणावर एका अंगाला झोपायला लागली की हा बार पिळला जातो आणि तिला सावरून धरतो. कंपनी बारीक बार देते, बाजारात जाड मिळतो. त्यानं आपल्या गाडीला बसवला होता. मला शेजारी बसवून एमआयडीसीच्या गोल चौकात त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि मी वेडा झालो. पेला भरून ठेवला तर सांडणार नाही अशी गाडी वळत होती. त्या दिवसापासून दोन उन्हाळे मी दुसरं काही केलं नाही. किती जाडीचा घ्यायचा, भरीव की पोकळ, पुढंच लावायचा की मागंही.

यात माझा गुरू सलीमभाई. अकोल्याचा मिस्त्री, नोकरीत असल्यापासूनची ओळख, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गाडीखाली त्याच्याशिवाय मी कोणाला जाऊ दिलं नाही. तो म्हणायचा, "भाऊ, चोवीसचा नका घेऊ. लई जाड होते. एक चाक खड्ड्यात गेलं का दुसऱ्यालेही हिसका बसते, आन् आपल्या रोडवर खड्ड्यात न जाणारं चाक कोणतं, ते दाखवा मले." मागचा बार जाड केला तर पावसात शेपूट फिरते, हेही त्यानंच सांगितलं. मूळचा बार अठरा एमएमचा होता. शेवटी ठरलं, पुढंच बसवायचा, भरीव, बावीस एमएमचा, सोबत नवे बुश. बुश म्हणजे बारला धरणारे रबराचे तुकडे. तमिळनाडूतून मागवला. आला तेव्हा मी स्वतः अकोल्याला जाऊन व्हर्नियरनं मोजून पाहिला. बावीस म्हणजे बावीस. एवढी पारख मी माझ्या लेकीला स्थळ पाहताना केली नव्हती. वच्छला ऐकायची सगळं. मी जेवताना सांगायचो, चपातीची गुंडाळी करून पिळून दाखवायचो, बार असा पिळतो म्हणून. ती म्हणायची, "अजी, खा न ते आता."

बसवायच्या दिवशी तिला सोबत घेऊन गेलो, कारण हे सगळं तिच्याचसाठी होतं. सलीमचं घर गॅरेजच्या मागेच. तिला त्याच्या बायकोजवळ सोडलं आणि मी आमच्या खात्यातल्या एका जुन्या ड्रायव्हरला भेटायला गेलो, तो आजारी होता. तीन तासांनी आलो तर गाडी जॅकवरून खाली उतरवलेली. सलीम हात पुसत होता. वच्छला ओट्यावर बसून चहा पीत होती. मी वाकून खाली पाहिलं नाही. आम्हा ड्रायव्हरांत एक रीत आहे… भरवशाच्या मिस्त्रीनं नट कसला, की मालकानं गाडीखाली डोकं घालायचं नाही. तो त्याचा अपमान होतो. सलीम म्हणाला, "भाऊ, एक गोष्ट. बुश नवे हायेत. ते जागेवर बसले पायजेत. सहा महिने वळनावर चाळीसच्या वर न्यायची नाही. नाही तं सगळी मेहनत पान्यात." मी म्हटलं, "न्यायचीच नाही." मेहनत माझी होती, दोन उन्हाळ्यांची.

त्या महिन्यात धारणीला गेलो. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. वच्छलानं लिंबू नेलं होतं, ते रुमालातून काढलंसुद्धा नाही. हरिसालला थांबून तिनं आलूबोंडा खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर काही खाल्लं असेल. मी विचारलं, "काय वं, कशी वाटते?" ती म्हणाली, "कलत नाही आता." एवढंच ऐकायचं होतं मला. सहा महिने झाल्यावर मी थोडी पळवायला लागलो की ती म्हणायची, "सलीमभाऊनं बुशचं सांगितलं होतं न?" मग मी पुन्हा चाळीसवर. पुढं तसाच हात बसला. आठ वर्षं मी लोकांना गाडीत बसवून बसवून दाखवलं. डॅशबोर्डवर स्टीलचा पेला ठेवायचो, पाण्यानं भरलेला, आणि म्हणायचो, "पाहा, हलते काय. बावीसचा बार हाय." पाठीतून समजतं म्हणायचो. इंजिनिअरलासुद्धा सांगितलं की तुझ्यापेक्षा माझी गाडी जास्त सरळ वळते. वच्छला माझ्या शेजारच्या सीटवरून मागे बसलेल्या बायकांना म्हणायची, "यायनं माझ्यासाठी बसवला तो." असं म्हणायची. स्वतःच्या तोंडानं म्हणायची.

मागच्या आठवड्यात गाडीच्या पुढच्या बाजूनं टकटक आवाज यायला लागला म्हणून अकोल्याला गेलो. सलीम अंत्यविधीला येऊन गेला होता, त्यामुळे ती गेल्यावरची ही काही आमची पहिली भेट नव्हती. पण त्या दिवशी तो गाडीला हात लावेना. स्टूल दिलं, पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलला. मग माळ्यावर चढला आणि तरटात गुंडाळलेलं काही तरी लांबलचक खाली काढून माझ्यासमोर ठेवलं. मी तरट बाजूला केलं. काळा रंग, जसाच्या तसा, ट्रान्सपोर्टचा कागद अजून चिकटलेला, त्यावर माझं नाव.

"हा कोनाचा?" मी विचारलं. कागद वाचला होता, तरी विचारलं.

"तुमचाच भाऊ."

"मंग गाडीत कोनता हाय?"

"गाडीत कंपनीचाच हाय. जुनाच. मीनं रंग मारून नवे बुश टाकून देल्ले होते." तो खाली बसला, जमिनीवर. "भाभीनं वचन घेतलं होतं. त्या हायेत तोवर सांगू नका म्हने. आता त्या नाहीत. मले हे डोक्यावर घेऊन नाही राहवत."

मी त्याला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. हरामखोर तर पहिलाच शब्द होता. तो ऐकून घेत राहिला. मी थकलो तेव्हा म्हणाला, "भाभी रडली भाऊ माझ्यासमोर. तुमी गेले तशी आतून बाहेर आली आन् म्हने, सलीमभाऊ, ते नका बसवू. गाडी कलते तवाच हे थोडे तरी भेतात. कलायची बंद झाली तं काही खरं नाही. मी म्हटलं, भाभी, तुमच्या उलटीसाठीच तं बसवून राहिले. तं म्हने, मले उलटी गाडीनं नाही होत… भेवानं होते. लग्न झालं तवापासून होते. मीनं म्हटलं, तं मंग सांगा न त्याइले. तं म्हने, माझ्या भावानं सांगितलं होतं एक डाव." सलीम पुढं म्हणाला, "मले म्हने, ते मले जंगलात नाही उतरवनार. पन गाडी चालवनं सोडून देतील. त्याइच्याजवळ तेवढंच हाय. चाळीसचं मीनं जोडलं, भाऊ. त्या शहाण्या होत्या, त्याइनं ते धरून ठेवलं."

मी तिथूनच लेकीला फोन लावला. "तुझ्या मायले एस.टी.त उलटी होत होती काय?" ती म्हणाली, "बाबा, आईसोबत मी बसनं इतक्या वेळा गेली, कधीच नाही झाली. भेळ खात यायची ती." मी म्हटलं, "मंग मले काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुमाले कोन सांगनार होतं बाबा?" म्हणजे लेकीला माहीत. अकोल्याच्या मिस्त्रीला माहीत, त्याच्या बायकोला माहीत. शेजारणीलाही त्या दुपारी समजलं असेल. ज्याच्या हाताचा प्रश्न, त्याला तेवढं माहीत नाही. मी आठ वर्षं पेला भरून ठेवून लोकांना दाखवत होतो आणि माझी बायको शेजारी बसून होकार देत होती. मला पाठीतून काही समजत नव्हतं. अठराचा बार आणि बावीसचा बार, मला फरक समजला नाही. एखाद्या आंधळ्याच्या हातात साधा दगड द्यावा आणि हिरा म्हणून सांगावं, तसं केलं तिनं. आणि जे सांगायचं ते सांगितलं कोणाला, तर परक्याला. एक्केचाळीस वर्षं ज्याच्या ताटाला ताट लावून जेवली, त्याला नाही.

माझ्या रागाला आता जागा नाही. ती असती तर भांडलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, मग ती चहा घेऊन आली असती. फोटोशी किती भांडणार. एक दिवस फोटो उलटा करून ठेवला, लेकीनं सरळ केला.

सलीमनं शेवटी विचारलं, "बसवून देऊ आता? अर्ध्या दिवसाचं काम हाय." मी तरट पुन्हा बारवर ओढलं. तो म्हणाला, "बरं, आवाज तरी पाहून घेतो." आवाज गाडी पळाल्याशिवाय येत नव्हता आणि माझे हात त्या वेळी खरोखरच कापत होते. चावी त्याला दिली. उजव्या बाजूचं दार त्यानं उघडलं, म्हणून मी फिरून डाव्या बाजूनं बसलो. ही गाडी घेतल्यापासून मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. मालक मीच, ड्रायव्हर मीच, कशाला बसेन. तिथून रस्ता वेगळाच दिसतो. बाजूची झाडं अंगावर येतात, समोरचा ट्रक फार लवकर मोठा होतो आणि हातात धरायला काही नसतं.

गावाबाहेर नाल्याच्या पुलाजवळ एक वळण आहे. आवाज ऐकू यावा म्हणून सलीमनं गाडी साठवर नेली. मी घाटात यायचो त्याच्यापुढं ते काहीच नाही. गाडी झोपली, जशी नेहमी झोपायची तशीच, आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, ब्रेक असतो तिथं. त्या बाजूला ब्रेक नाही. रबराची मॅट आहे. पण माझी टाच एका खळग्यात बसली. मी वाकून पाहिलं. बाकीची मॅट नव्यासारखी, फक्त तेवढ्या जागी रबर झिजून आरपार भोक पडलं होतं, खालचा पत्रा दिसत होता, तोही घासून चकचकीत झालेला. लहान पायाच्या टाचेएवढं भोक. चाळीसवरच आठ वर्षं गाडी चालवली मी… तरीसुद्धा.

"हळू घे न," माझ्या तोंडून निघालं.

सलीमनं लगेच हळू केली. काही विचारलं नाही, काही बोलला नाही, पाय उचलला आणि गाडी हळू झाली. एका शब्दाचं काम होतं. पूल ओलांडून गेल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"भेव लागलं काय भाऊ?"

"मले?" मी म्हटलं. "बत्तीस वर्षं मेळघाटात गाडी चालवली मी. मले कायचं भेव."

गॅरेज येईपर्यंत मी पाय तिथून उचलला नाही.